पंगतीतील जागा

[गावोगावी होणारे सण, सप्ते, खेळ आणि मेळावे हे करमणुकीचे प्रसंग असतात, तसेच माणसाला माणूस जोडण्याचेही प्रसंग असतात. त्यांपासून दिव्यांग बांधव दूर राहिले, तर त्यांचे आणि समाजाचेही नुकसान होते. हे अंतर जामखेडच्या परिसरात व अन्यत्र कसे कमी करण्यात आले, हे या पाठात सांगितले आहे.]

अखंड हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस म्हणजे गावाच्या आनंदाचा दिवस. सात दिवस वीणा खाली ठेवलेली नसते. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत टाळमृदंगाचा घोष चाललेला असतो. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते आणि कीर्तनकार गोकुळातील गोपाळांची कथा रंगवून सांगतात. गोपाळांनी घरून आणलेल्या शिदोऱ्या यमुनेच्या काठी सोडल्या. कोणाची शिळी भाकरी, कोणाचे दही, कोणाचे लोणचे! कृष्णाने ते सारे एकत्र कालविले आणि प्रत्येकाला सर्वांच्या घरचा घास मिळाला.

या गोपाळांत पेंद्या नावाचा एक सवंगडी आहे. मराठी लोकपरंपरेने त्याला पायाने अधू असा रंगविला आहे. गाईंमागे धावणे त्याला साधत नाही. चालताना तो मागे पडतो. परंतु काला होतो तेव्हा त्याची शिदोरीही इतरांच्या शिदोऱ्यांबरोबर सुटते. तो घेतो तसा देतोही. म्हणूनच गोपाळ त्याला आश्रित मानीत नाहीत, आपला सवंगडी मानतात.

कीर्तन संपते, हंडी फुटते आणि पंगत बसते. मांडीला मांडी लावून सारे गाव जेवते. वाढपी धावपळ करीत असतात. ‘आणखी घ्या’ असा आग्रह चाललेला असतो. परंतु एके काळी अशा पंगतीत एखादी जागा हटकून रिकामी असे. गावाच्या कडेला एखाद्या झोपडीत महारोगाने बोटे झडलेला एक मनुष्य राही. कोठे दोन्ही पायांनी अधू झालेली मुलगी ओसरीवर बसून टाळांचा आवाज ऐके. कोठे एखादा अंध तरुण, ‘गर्दीत धक्का लागेल, तू घरीच बैस’ या शब्दांनी मागे ठेवला जाई. गाव निर्दय होते असे नव्हे. त्या झोपडीत, त्या ओसरीवर कोणीतरी जेवणाचे ताट नेऊन देत असे. ताट नेणाऱ्यास पुण्य केल्याचे समाधान वाटे. परंतु त्या ताटाबरोबर शेजारी बसलेला मनुष्य जात नसे. त्याचे बोलणे, त्याची थट्टा, त्याचा आग्रह जात नसे. अन्न घरपोच होई, पंगत मात्र घरपोच होत नसे.

मनुष्याचे मित्र कसे होतात याचा विचार केला, म्हणजे या रिकाम्या जागेचा अर्थ ध्यानात येतो. कोणीही ठरवून मैत्री करीत नाही. एकत्र खेळताना, एकत्र जेवताना, वाटेने एकत्र जाताना ती आपोआप जडते. ज्याला खेळात, जेवणात आणि वाटेवर जागा नाही, त्याला मित्र मिळण्याचा मार्गच बंद होतो. त्याचे दुखणे एक असते, परंतु समाज त्याला दुसरे दुखणे जोडून देतो. ते दुसरे दुखणे म्हणजे एकटेपणा. पहिल्या दुखण्यावर वैद्याचे औषध चालते. दुसऱ्यावर औषध द्यायचे ते शेजाऱ्यांनी, सवंगड्यांनी आणि वर्गमित्रांनी.

हे दुसरे औषध कसे द्यावे, याचा एक चांगला धडा अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात गिरविला गेला. पूर्वी अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या दक्षिण भागात हा तालुका आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे जन्मस्थान चौंडी हे याच तालुक्यात आहे. १७९५ साली मराठे व निजाम यांच्यात जेथे लढाई झाली, ते खर्डाही याच तालुक्यात आहे. पावसाचे प्रमाण कमी, जमीन बऱ्याच ठिकाणी हलकी आणि दुष्काळ पाचवीला पुजलेला, अशी या भागाची स्थिती. अशा या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आले. दोघांनीही वेल्लोर येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. याच जिल्ह्यातील वडाळा येथील रुग्णालयात काम करीत असता त्यांना एक गोष्ट कळून चुकली. रुग्णालयात बरा झालेला रोगी काही दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो. कारण रोगाचे मूळ गावात, घरात आणि पाण्यात असते. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी लोकस्वास्थ्याचा अभ्यास केला आणि मायदेशी परतून जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

आरोग्याचे काम करावयाचे तर प्रथम गाव एकत्र आले पाहिजे. परंतु गाव एकत्र येणार कसे? सभा भरविली तर ठरावीक मंडळी येत आणि जातीपातींच्या भिंती सभेतही उभ्याच राहत. तेव्हा गावातील तरुणांना जवळ आणण्यासाठी एक साधा उपाय योजण्यात आला. तो म्हणजे व्हॉलीबॉलचा खेळ. या खेळाला महागडे साहित्य लागत नाही. एक चेंडू, एक जाळी आणि थोडे मोकळे अंगण एवढे पुरते. एकट्याने तो खेळता येत नाही. चेंडू हातात धरून ठेवता येत नाही; तो क्षणात दुसऱ्याकडे द्यावाच लागतो. ज्याच्या हाताचा स्पर्श एरवी कोणी होऊ देत नसे, त्याने टोलविलेला चेंडू आता दुसऱ्याला आपल्या हाताने झेलून पुढे द्यावा लागे. संघ जिंकावा असे ज्याला वाटे, त्याला शेजारच्या गड्यावर विश्वास टाकावाच लागे. चेंडूला जात कळत नव्हती आणि हळूहळू खेळणाऱ्यांनाही तिचा विसर पडू लागला. खेळानंतर तरुण गप्पा मारीत बसत. गप्पांतून गावच्या अडचणी निघत. अशा बैठकींतून गावोगावी शेतकरी मंडळे उभी राहिली. पुढे स्त्रियांचीही मंडळे निघाली.

याच सुमारास, १९७२ साली, महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. जामखेडच्या परिसरात पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदण्यात आल्या. त्या वेळी कित्येक गावांत पाण्याचा पंप मुद्दाम दलित वस्तीत बसविण्यात आला. ज्या वस्तीत सवर्ण स्त्रिया कधी पाऊल टाकीत नसत, तेथे आता सर्वांच्या घागरी एका रांगेत लागू लागल्या. पाण्याची वाट पाहताना बोलणे होते, बोलण्यातून ओळख होते आणि ओळखीतून भीती ओसरते. उपदेशाने जे झाले नसते, ते रांगेने केले.

प्रत्येक गावाने आपल्यातील एक स्त्री आरोग्याच्या कामासाठी निवडावी, अशी योजना पुढे आखण्यात आली. निवडल्या गेलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर होत्या. काही दलित समाजातील, काही विधवा किंवा पतीने टाकलेल्या होत्या. ज्यांना गावाने कधी मान दिला नव्हता, अशा या स्त्रिया शिक्षणासाठी जामखेडला नियमाने येऊ लागल्या. तेथे त्या एकत्र शिकत, एकत्र जेवत आणि मुक्कामाच्या रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली निजत. निरनिराळ्या जातींच्या स्त्रिया एका पांघरुणाखाली निजल्या, ही गोष्ट आज साधी वाटेल. परंतु त्या काळी ती एक क्रांतीच होती. याच स्त्रिया पुढे गावच्या आरोग्यसेविका झाल्या. स्वतः दूर लोटले जाण्याचे दुःख त्यांनी भोगलेले होते. म्हणून दूर लोटलेल्या रोग्याच्या दारात जाण्यास त्या कचरल्या नाहीत.

अशा रोग्यांत कुष्ठरोग्यांचे दुःख सर्वांत मोठे होते. कुष्ठरोगाला पूर्वी लोक महारोग म्हणत आणि तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे असे मानीत. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. हा रोग एका सूक्ष्म जंतूमुळे होतो. नॉर्वेतील हॅन्सेन या वैद्याने १८७३ साली तो जंतू शोधून काढला. हा जंतू कातडीवर व मज्जातंतूंवर आघात करतो. आरंभी अंगावर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा दिसतो. त्या जागी स्पर्श कळत नाही. पुढे हातापायांची संवेदना जाते. तव्याचा चटका बसला तरी कळत नाही, पायात काटा रुतला तरी दुखत नाही. अशा न कळलेल्या जखमा चिघळतात आणि बोटे आखडतात व झडतात. हा रोग सहजासहजी लागत नाही. बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती निसर्गतःच असते. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्यापासून इतरांना असलेला धोका संपतो. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. या पद्धतीने सहा महिने ते एक वर्ष इतक्या अवधीत रोग बरा होतो आणि ही औषधे आपल्या देशात विनामूल्य मिळतात.

परंतु रोग बरा झाला, तरी रोग्याची गावातील जागा आपोआप परत मिळत नाही. कुष्ठरोग्यांसाठी वेगळी रुग्णालये व वेगळ्या वसाहती असत. १८९८ साली ब्रिटिश सरकारने केलेल्या कायद्यात तर त्यांना समाजापासून अलग ठेवण्याची तरतूद होती. हा कायदा २०१६ साली रद्द झाला. जामखेडच्या प्रकल्पात मात्र आरंभापासून निराळा मार्ग धरला गेला. कुष्ठरोग्यांसाठी वेगळे दालन ठेवण्यात आले नाही. ज्या रांगेत तापाचा रोगी बसे, बाळाला टोचून घेण्यास आलेली आई बसे, त्याच रांगेत कुष्ठरोगीही बसे. गावात आरोग्यसेविका घरोघर जाऊन संशयित चट्टे शोधीत. रोग लवकर सापडला की बोटे झडण्याची वेळच येत नसे. रोगी आपल्या घरी, आपल्या गावी राहूनच औषध घेई. शेजारी बसलेल्या कुष्ठरोग्यामुळे आपले काही बिघडले नाही, हे लोक स्वतःच्या डोळ्यांनी पाहत. भीती घालविण्यासाठी याहून चांगले व्याख्यान कोणते असणार?

पंगतीशी निकटचा संबंध असलेली आणखी एक गोष्ट जामखेडला घडली. अपघाताने किंवा रोगाने पाय गमावलेल्या लोकांसाठी तेथे कृत्रिम पाय तयार करण्याची कार्यशाळा निघाली. ती ‘जयपूर पाय’ तयार करी. हा पाय जयपूर येथे १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कुशल कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिरोगतज्ज्ञ यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झाला. त्यापूर्वी मिळणारे कृत्रिम पाय पाश्चात्त्य धर्तीचे असत. ते बुटात घालावे लागत. पाण्याने व चिखलाने खराब होत. खुर्चीवर बसून जेवणाऱ्यांना ते ठीक होते. परंतु ज्या देशात शेतकरी अनवाणी चिखल तुडवितो, देवळात जाताना पायताण बाहेर काढतो, उकिडवा बसून भाकरी खातो आणि पंगतीत मांडी घालतो, तेथे असा पाय काय कामाचा? जयपूर पाय रबराचा. त्याला बूट लागत नाही, पाण्याचे भय नाही आणि तो वाकतो. तो लावून उकिडवे बसता येते, मांडीही घालता येते. मनुष्याला चालता आले पाहिजे, एवढाच विचार त्या कारागिराने केला नाही. त्याला आपल्या माणसांत बसता आले पाहिजे, हाही विचार त्याने केला. त्या एका वाकणाऱ्या घोट्यामुळे कित्येकांना पंगतीतील आपली जागा परत मिळाली.

आरोळे दांपत्याच्या या कार्याचा गौरव १९७९ साली मॅगसेसे पुरस्काराने झाला. डॉ. मेबल १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. त्यांनी दाखविलेली वाट मात्र जगातील अनेक देशांच्या आरोग्यसेवकांनी अभ्यासली.

जामखेडने रोग्याला त्याच्याच गावात ठेवून गावाशी जोडले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा गावाजवळ, हेच काम निराळ्या रीतीने झाले. तेथे बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवनाची स्थापना केली. गावाने हाकललेले कुष्ठरोगी तेथे आले आणि त्यांनी ओसाड माळावर शेती फुलविली. परंतु शेते पिकली तरी समाजाशी तुटलेले नाते जुळले नव्हते. म्हणून आनंदवनात मित्रमेळावे भरू लागले. ‘मित्रमेळावा’ हे नावच अर्थपूर्ण आहे. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्यासारखी माणसे आनंदवनात आपुलकीने जात. तेथील रहिवाशांत मिसळत. पाहुण्यांनी देणगी देऊन परत जावे, एवढ्याने बाबांचे समाधान होत नसे. पाहुण्याने येथल्या शेतात पिकलेले खावे, येथल्या हातांनी विणलेले वापरावे आणि मित्र होऊन जावे, ही त्यांची दृष्टी होती. पुढे आनंदवनातील अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग असलेल्या व कुष्ठमुक्त कलावंतांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद निघाला आणि गावोगावच्या रंगमंचांवर त्याचे कार्यक्रम झाले. जे एके काळी गावाबाहेर होते, त्यांना ऐकण्यासाठी आता गावे गर्दी करू लागली.

परदेशांतही याच दिशेने विचार झाला. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलामुलींसाठी १९६८ साली अमेरिकेतील शिकागो शहरात ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. आरंभी या खेळाडूंचे सामने त्यांच्या त्यांच्यातच होत. पुढे या चळवळीने संयुक्त संघांची कल्पना काढली. एकाच संघात दिव्यांग खेळाडूही असावेत आणि इतरही असावेत, दोघांनी एकत्र सराव करावा व जयपराजय एकत्र भोगावा, अशी ती कल्पना. प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो. परंतु संघातील गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला येतो. मैत्री होते ती या दुसऱ्या दिवशी.

काही खेळांत तर थोडासा बदल केला की सर्वांना सारखीच संधी मिळते. अंध खेळाडूंचा बुद्धिबळाचा पट पाहण्यासारखा असतो. त्यातील काळी घरे किंचित उंच असतात. प्रत्येक घराला भोक असते आणि मोहऱ्याच्या बुडाशी असलेली खुंटी त्यात बसते. काळ्या मोहऱ्यांवर टाचणीसारखी खूण असते. खेळाडू बोटांनी चाचपून पट ‘पाहतो’. डोळस प्रतिस्पर्ध्याने आपली चाल मोठ्याने सांगितली, की डाव बरोबरीचा होतो आणि डोळस खेळाडूने बेसावध राहिल्यास त्याच्यावर मात होण्यास वेळ लागत नाही! त्या वेळी पराभूत झालेल्याच्या मनात दया उरत नाही; दुसरा डाव खेळण्याची ईर्ष्या मात्र उत्पन्न होते. दयेपेक्षा ही ईर्ष्या मैत्रीला अधिक जवळची आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून कुष्ठरोगातून मुक्त झालेल्या व्यक्तींचाही त्यांत समावेश केला आहे. शाळा, सार्वजनिक इमारती व वाहने सर्वांना वापरता येतील अशी असावीत, असे हा कायदा सांगतो. कायद्याने शाळेचे दार उघडते, दाराशी उतारही बांधला जातो. परंतु खेळाच्या मैदानावर हाक मारण्याचे काम कोणताही कायदा करू शकत नाही.

पुष्कळ शाळांत एक दृश्य दिसते. खेळाच्या तासाची घंटा होते आणि मुले मैदानाकडे धावतात. वर्गात एखादाच मुलगा उरतो. त्याच्या पायाला आधाराची पट्टी असते. ‘तू दप्तरे सांभाळ’ असे त्याला सांगितलेले असते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. त्याला इजा होऊ नये असे वाटत असते. तो मुलगाही दप्तरे इमानाने सांभाळतो. एक दप्तरही कधी हरवत नाही. परंतु वर्षभर सर्वांची दप्तरे सांभाळूनही त्याला एक मित्र मिळत नाही. कधी त्याला गुणलेखकाचे काम दिले जाते. ते दप्तरे राखण्यापेक्षा बरे. परंतु नेहमी तेच काम दिले, तर मैदानाच्या कडेला त्याच्यासाठी आखलेली ती आणखी एक रेघच ठरते. आठवड्यातून एक दिवस सर्वांनीच खाली बसून चेंडू खेळावयाचे ठरविले, तर काय होईल? जाळी खाली येईल, धावण्याची गरज उरणार नाही आणि ज्याचे हात बळकट व नजर तयार तो गडी सर्वांना हवाहवासा वाटू लागेल. खाली बसून व्हॉलीबॉल खेळण्याचा हा प्रकार दिव्यांगांच्या जागतिक क्रीडास्पर्धांतही मान्यता पावला आहे.

शाळेचे स्नेहसंमेलन, हुरडा खाण्याची सहल, संक्रांतीचा तिळगूळ, गावची जत्रा, या सर्व प्रसंगी असा विचार करता येतो. पहिला विचार जागेचा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करावयाचा, तर एक फूट उंचीस निदान बारा फूट लांबीचा उतार असावा, म्हणजे खुर्ची सहज चढते. दुसरा विचार कामाचा. आलेल्या प्रत्येकाला पाहुण्याची खुर्ची न देता काही काम द्यावे. कोणी तिळगूळ वाटेल, कोणी गाणे म्हणेल, कोणी हिशेब ठेवील. ज्याची शिदोरी काल्यात पडते, त्यालाच काला आपला वाटतो. तिसरा विचार रीतीचा. अंध मित्राला दंड धरून ओढू नये. आपले कोपर त्याच्या हाती द्यावे आणि चालावे. कर्णबधिर मित्राशी बोलताना तोंड त्याच्याकडे करावे, ओठ झाकू नयेत. तोतरे बोलणाऱ्याचे वाक्य आपण पुरे करू नये, थोडे थांबावे. कोणतीही मदत करण्यापूर्वी ‘मदत हवी का?’ असे विचारावे आणि ‘नको’ हे उत्तर आले तर रागावू नये. चौथा विचार सातत्याचा. दर वर्षी ३ डिसेंबर हा दिव्यांगांचा आंतरराष्ट्रीय दिन साजरा होतो. त्या दिवशी हार, भाषणे आणि खाऊ यांची रेलचेल असते. परंतु ४ डिसेंबरला त्या मित्राला पुन्हा हाक मारली गेली नाही, तर आदल्या दिवशीचा हार शिळा झाला असेच म्हणावे लागेल.

यात एक अवघड गोष्ट आहे. कित्येक वर्षे दूर ठेवलेला मनुष्य पहिल्याच हाकेला येत नाही. ‘माझ्यामुळे तुमचा खोळंबा होईल’ असे तो म्हणतो. लोक आपल्याकडे पाहतील याची त्याला भीती वाटते आणि ती भीती खोटी नसते. तमाशातील गवळणीत पेंद्याच्या चालण्याबोलण्यावर हशा पिकविला जातो, तसा हशा त्याने आपल्या पाठीमागे ऐकलेला असतो. तो हशा थांबविणे हे पहिले काम आणि पुन्हा हाक मारणे हे दुसरे. जामखेडला सुद्धा एका सामन्याने किंवा एका बैठकीने गाव बदलले नाही. चेंडू रोज टोलवावा लागला, रांगेत रोज शेजारी बसावे लागले, आरोग्यसेविकेला त्याच दारात वारंवार जावे लागले.

सप्ताहाची पंगत आजही बसते. वाढपी पात्रे मांडीत जातात. एखादे दिवशी त्या रांगेत चाकाची खुर्ची येऊन थांबते, कोणी जयपूर पायाची मांडी घालून बसतो, कोणी अंध मित्राला पानात काय कोठे वाढले आहे हे हळूच सांगतो. बोटे झडलेला एखादा वृद्ध शेजाऱ्याला आग्रह करतो, ‘आणखी एक भाकरी घ्या.’ आग्रह करण्याचा हा मान ज्याला मिळाला, त्याला पंगतीतील आपली जागा खऱ्या अर्थाने मिळाली.

शब्दार्थ

शिदोरी – प्रवासात किंवा रानात खाण्यासाठी बांधून नेलेले अन्न. सवंगडी – खेळातील सोबती. आश्रित – दुसऱ्याच्या आधारावर राहणारा. ओसरी – घरापुढील उघडी बैठी जागा. कूपनलिका – जमिनीत खोल नळी घालून केलेली विहीर. संवेदना – स्पर्श, वेदना इत्यादींची जाणीव. उकिडवे – पायांवर भार देऊन, बूड न टेकता बसलेले. पायताण – वहाण. ईर्ष्या – येथे, वरचढ होण्याची जिद्द. पाचवीला पुजलेला असणे – जन्मापासून मागे लागलेला असणे. कचरणे – मागे सरणे, संकोच करणे.

अभ्यास

१. पेंद्याला गोपाळ आश्रित न मानता सवंगडी मानीत, असे का म्हटले आहे?

२. ‘अन्न घरपोच होई, पंगत मात्र घरपोच होत नसे.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

३. गावातील तरुणांना एकत्र आणण्यास व्हॉलीबॉलचा खेळ कसा उपयोगी पडला?

४. कुष्ठरोगाविषयी लोकांची पूर्वीची समजूत कोणती होती? खरी माहिती कोणती?

५. जयपूर पाय आपल्या देशातील राहणीला अधिक सोयीचा का ठरला?

६. जामखेड व आनंदवन येथील कार्यांत कोणते साम्य व कोणता भेद आहे?

७. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: पाचवीला पुजलेला असणे, हशा पिकविणे, दूर लोटणे, कळून चुकणे.

८. तुमच्या वर्गातील कोणाही मुलाला मैदानाच्या कडेला बसावे लागू नये, यासाठी तुमच्या आवडीच्या एका खेळाच्या नियमांत कोणता बदल कराल, ते आठ-दहा ओळींत लिहा. तो खेळ प्रत्यक्ष खेळून पाहा.